महाराजांचा हात आणि फुंकलेला डाख

समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी दारापर्यंत दाटल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या पेटीवर. ती भिंतीला टेकून पेटीपाशी बसली होती. पेटी तिच्या नवऱ्याने हौसेने घरीच बनवलेली. बटण दाबलं की त्याचा भरून ठेवलेला आवाज यायचा, "थांबा, आलोच." त्याला जाऊन महिना झाला आणि पेटीही मुकी झाली.

"दाब, बाळ," त्याचा आत्मा बोलवायला आलेले महाराज म्हणाले. तिने दाबलं. काही नाही. मग त्यांनी डोळे मिटून पेटीवर तळवा टेकला. "आता दाब."

"थांबा, आलोच."

शेजारणींनी हात जोडले. तिला काहीच वाटलं नाही. महिनाभर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. महाराज मात्र रंगात आले. आत्मा म्हणे सूक्ष्म लहरींवरून येतो, आणि रक्तात इन्सुलिन असलं की लहरी बिथरतात. म्हणून त्यांनी आधीच तिची इन्सुलिनची सुई बंद करायला लावली होती. आज चौथा दिवस. तिच्या तोंडाला कोरड पडली होती, डोळ्यांपुढे सगळं धूसर.

रेडिओ दुरुस्त करणारी तिची नणंद दुकानातून थेट आली होती. "महाराज, जरा हात बाजूला घेता?" तिने पेन्सिल उलटी धरून झाकणावर रेटली. "वहिनी, दाब."

"थांबा, आलोच."

"पेन्सिलीलाही सिद्धी आहे म्हणायची."

महाराज म्हणाले, अशा गोष्टी बघायला श्रद्धेची नजर हवी. नणंदेने भिंग काढलं आणि झाकणाचे स्क्रू सोडवले.

"हा बघ, स्पीकरच्या तारेचा डाख, कथलाने केलेला जोड. चांगला डाख चकचकीत असतो. हा राखेसारखा, आणि भोवती केसाएवढी भेग. वरून दाबलं की भेग मिटते, वीज वाहते, दादा बोलतो. तो गरम कथलावर चहासारखी फुंकर मारायचा. कितीदा सांगितलं, आपोआप निवू दे."

ती त्या करड्या ठिपक्याकडे बघत राहिली. "वितळवलास की त्याची फुंकर जाईल?"

"जाईल."

"वितळव."

नणंदेने पिशवीतली डाख द्यायची सळई तापवून टेकवली, धूर निघाला. महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. तिने बटण दाबलं. मग पुन्हा. पाचव्यांदाही तोच सूर, मध्ये तेवढाच श्वास.

"बायांनो," नणंद म्हणाली, "चमत्कार दिसला की दुसऱ्याचा हात लावून बघायचं. आणि डॉक्टरची सुई डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही. चल वहिनी, दवाखान्यात."

तिला रडू आलं नाही. तो गेला, एवढं मात्र महिन्याभरात पहिल्यांदा कळलं. भिंतीला धरून ती उठली आणि चपला शोधू लागली.