मफलरच्या घड्या

संगणकाच्या पडद्यावर मफलरच्या शेवटच्या गोंड्यावर तिने ब्रश फिरवला आणि करड्या फोटोतून निळा रंग वर आला. अस्सल निळा. काकांच्या गळ्यातला तो मफलर तिनेच आणला होता, त्यामुळे रंग बरोबर उतरलाय की नाही हे तिला कोणाला विचारायचं नव्हतं.

"ठकी, मफलर तेवढा निळा ठेव, बाकी सगळं काळं-पांढरं," काका सकाळी म्हणाले होते. "कापाकापी मी करून ठेवलीय. रंगाचं तू बघ. तुझ्याशिवाय मला रंगाला आहे कोण?"

कापाकापी म्हणजे कडा छाटल्या असतील, असं ती समजली. काकांच्या फोटो स्टुडिओच्या दुकानाला नवं काचेचं दार बसलं होतं, भिंतींना नवा रंग लागला होता, आणि हा फोटो गल्ल्यामागच्या भिंतीवर हातभर उंचीचा लागणार होता. काका आणि त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा दादा, खांद्याला खांदा लावून. खाली अक्षरं: दोन पिढ्या, एक नजर. दादाला कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात अडकवण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण दिसायला तो राजबिंडा होता, आणि फोटोत दिसण्यालाच महत्त्व. ती मनातल्या मनात हसलीही. तिचा वेगळा फोटो असेल. असणारच. बाहेरची चांगली नोकरी तिने सोडली ती काकांच्या एका वाक्यावर, "कुठे जातेस, हे दुकान तुझंच आहे." बाप गेल्यावर ज्याने बोट धरून वाढवलं त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं? लाज नाही वाटणार?

काम तसं सोपं. खाली मूळ रंगीत फोटो असतो, त्यावर काळ्या-पांढऱ्याचा थर. ब्रशने थर पुसाल तिथेच खालचा रंग दिसतो. ती गोंड्याकडून वर खांद्याकडे आली. घड्या होत्या चार, शेजारीशेजारी. तिने ब्रश बारीक केला आणि पहिल्या घडीवर फिरवला.

घडी निळी झाली नाही. गव्हाळ झाली.

"अगं बाई," ती पुटपुटली. तिने दुसरी घडी पुसली, तिसरी पुसली. टोकाला भडक नारिंगी ठिपका आला. मग तिने चौथी पुसलीच नाही, कारण ती करंगळी असणार हे तिला कळलं होतं. फोटो काढले त्या दिवशी नखं रंगवून ती आली तेव्हा काका म्हणाले होते, "काय गं, गाजरं सोलत होतीस का?" आणि तिघं पोट धरून हसली होती. आधी तिने त्या दोघांचे फोटो काढले, मग टायमर लावून धावत जाऊन स्वतः उभी राहिली, काकांच्या खांद्यावर हात टाकून. समोरचा फोटो आधीच्या, त्या दोघांच्याच फोटोंपैकी आहे असं ती इतका वेळ धरून चालली होती.

तिने वरचा थर अख्खा बंद केला. जिथे ती उभी होती तिथे भिंत होती, अगदी साफ. मोकळे सोडलेले केससुद्धा एकेक करून काढले होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं, आणि हसू आलं नाही.

दादाचं काम असेल असं वाटून घ्यायला तिने फार धडपड केली. पण दादाला केस कापता येत नव्हते. आणि रंगात बघून कापलं असतं तर आंधळ्यालाही ही बोटं दिसली असती. काळ्या-पांढऱ्यात मात्र कातडी आणि लोकर एकाच करड्या रंगाची. "आधी रंग घालव, मग कापायला बस. रंग डोळ्यांना फसवतो," हे वाक्य तिने शाळेच्या दप्तरासकट या दुकानात येऊन ऐकलं होतं. असं काम करणारा माणूस एकच होता. ठकीलाच ठकवलं, तेही शिकवलेल्या पद्धतीने.

मग तिने मफलरचा सगळा निळा परत झाकला, आणि करंगळी उघडली.

"झालं का?" काका चहाचा कप घेऊन मागे आले. "अगं, मफलर राहिलाय की."

मग त्यांना बोटं दिसली. फोटोत तेवढीच रंगीत होती.

ती वाट पाहत राहिली. दादाने हट्ट केला म्हणाले असते, चुकून झालं म्हणाले असते, तरी तिने ते खरं मानलं असतं. थाप चालली असती तिला.

काकांनी कप खाली ठेवला, चष्मा सारखा केला आणि तोंड पडद्याजवळ नेलं.

"हे माझ्या नजरेतून सुटलं कसं?" ते म्हणाले. "घडीच वाटली मला. सरक, पुसतो."

ती उठली. खुर्ची त्यांच्याकडे वळवून दिली.

"रंग लावून बघायला हवं होतं, काका."

"नखांपाशी जरा अवघड जाणार," ते बसत म्हणाले, आणि त्यांनी ब्रश बारीक केला.

तिने पर्स उघडली, जुडग्यातून दुकानाची किल्ली सोडवली आणि त्यांच्या कपाशेजारी ठेवली. काकांनी मान वर केली नाही.

"किल्ली कशाला काढलीस? संध्याकाळी बंद कोण करणार?"

"दोन पिढ्या आहेत ना," ती म्हणाली.

नवं दार जड होतं. तिने ते दोन्ही हातांनी ओढलं.