भावोजींनी हलवलेली नळी

ताईच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली, त्या वर्षी आमच्या घरावर एकाच आकड्याचं राज्य होतं. रक्तात एलडीएच नावाचं एन्झाइम असतं, पेशी फुटल्या की ते वाढतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आकडा उतरत राहिला तर हीच औषधं, घरीच. चढला तर वॉर्डात भरती व्हायचं." वॉर्डाचं नाव काढलं तरी ताईला कापरं भरायचं.

दोन महिने आकडा गुमान उतरला. तिसऱ्या खेपेला एकदम दुप्पट!

"पण मी आत्ता जिना चढून आले, धापसुद्धा लागली नाही," ताई म्हणाली. डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाला धरून पुटपुटल्या, "गाठ तर लहान झालेली दिसतेय. तरीपण..."

ताईने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

तेवढ्यात खालच्या प्रयोगशाळेतल्या बाई ताईच्या रक्ताची नळी घेऊन धावत वर आल्या. "डॉक्टर, तो आकडा धरू नका! हे वरचं पाणी पिवळसर हवं, गुलाबी झालंय. तांबड्या पेशी नळीतच फुटल्या, त्यांच्यातलं एलडीएच बाहेर आलंय. नळी खाली कोणी आणली?"

"मी," भावोजी छाती काढून म्हणाले. "शिपाई जागेवर नव्हता. पण काळजी नको, चांगली खळाखळा हलवून दिली."

"हलवून?"

"म्हणजे काय! जन्मभर कंपाउंडरकी केली. न हलवता बाटली कुणाच्या हातात दिली नाही!"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

"अहो, माझं रक्त होतं ते, खोकल्याचं औषध नव्हे!" ताई ओरडली.

"हाताला सवय गं. मी कुठे मुद्दाम केलं?"

रक्त पुन्हा काढलं. झोपलेलं बाळ न्यावं तशी नर्सने नळी खाली नेली. निकाल येईपर्यंत ताई भावोजींचे दोन्ही हात मांडीवर दाबून बसली होती. "हे सुटले तर माझी रवानगी वॉर्डात," ती मला म्हणाली. भावोजींचं नाक खाजलं तेव्हा मलाच खाजवावं लागलं.

आकडा आला. मागच्यापेक्षाही खाली!

"घरी जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि यांना दारातच बसवत जा."

ताई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. त्या दिवशी त्या खोकल्याला आम्ही कोणीच घाबरलो नाही.