नव्या भट्टीचे शेअर

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यांच्या काचेच्या कारखान्यात नवी भट्टी घ्यायची की नाही, हे आता लेकीने ठरवायचं होतं. जुनी भट्टी तडकली होती. नवी आली नाही तर बाटल्यांची अख्खी शेड बंद. आणि पैसा उभा करायचा तर नवे शेअर विकायला हवेत.

सल्लागाराने फळ्यावर आकडे मांडले. "मॅडम, शेअरचा भाव शंभर. पुढच्या वर्षीचा लाभांश सहा, तोही दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढणार. म्हणजे भागधारकाचा पैसा आपल्याला अकरा टक्क्यांना पडतो. पण वकील, दलाल, छपाई यांत शेअरमागे आठ जातात. हाती येतात ब्याण्णव. सहा भागिले ब्याण्णव, अधिक पाच. झाले साडेअकरा. तुमची भट्टी घातलेल्या पैशावर देणार सव्वाअकरा."

"म्हणजे?"

"म्हणजे नको."

"पाव टक्क्यापायी शेड बुडवायची?" काका उसळले. "दादा असता तर..."

तिने आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण हे आकडे पाऱ्यासारखे निसटत होते. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "काका, हिशेबात भट्टीची जी किंमत धरलीय, त्याहून भट्टीवाल्याने कमी सांगितली होती ना?"

"त्यात मी शेअर विकायचा खर्च मिळवलाय की! दादाची पद्धत. भट्टीसाठी खर्च, तर तो भट्टीच्या डोक्यावर."

सल्लागाराचा खडू थबकला. "अहो, तोच खर्च मी दरात धरलाय."

"वा! एका गुन्ह्याला दोन फाश्या!"

"खर्च एकदाच धरला तर भट्टी पास," सल्लागार ओशाळून म्हणाला. "माझ्या पद्धतीने खर्च किमतीतून काढला, की भट्टीचे बारा, दर साडेअकरा. तुमच्या वडिलांच्या पद्धतीने खर्च दरातून काढला, की भट्टीचे सव्वाअकरा, दर अकरा. कोणता खर्च खोडू?"

"बरोबर कोणती?"

"चालतात दोन्ही. त्यांची जास्त नेमकी, कारण हा खर्च एकदाच होतो. दरात धरला की वर्षानुवर्षं मानगुटीवर बसतो. माझी सोपी, एवढंच."

काका खिडकीबाहेर बघत होते.

"तुमचा खोडा," ती म्हणाली.

सल्लागाराने साडेअकरा पुसले, अकरा लिहिले. भट्टीची ऑर्डर द्यायला काका लगबगीने उठले. ती मात्र फळ्याकडे बघत राहिली. नेमकी म्हणून निवडली, की बाबांची म्हणून? तिला कळेना. विचारायचं तर ज्यांना विचारावं, तेच नव्हते.