जावयाचा होकार

ताडकळसच्या शाळेतून निवृत्त झालेले तात्याराव गुरुजी परभणीच्या दवाखान्यात सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. लेक सुकेशनी आत होती. कळा याव्यात म्हणून काल सकाळी गोळी दिली, मग सलाईनमधून औषध दिलं. कळा आल्याही, पण पिशवीचं तोंड तीन बोटांवर जे अडलं ते अडलंच. आता तर कळ आली की बाळाचे ठोके मंदावत होते. "सिझर करावं लागेल, लवकर ठरवा," एवढं सांगून डॉक्टरीणबाई आत गेल्या, त्यालाही पाऊण तास होत आला.

ठरवायचं कुणी? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर बोल जन्मभर माहेराला. गुरुजींना नेमकं तेच खात होतं. जावई सिद्धोधन सोनपेठहून एसटीत बसला होता. एकदाच फोन लागला, तेव्हा म्हणाला, "मामा, आईला विचारा की एकदा." त्याच्या आईचं, धुरपताबाईंचं उत्तर तयारच होतं. "मला पाच लेकरं झाली, पोटाला ब्लेड लागलं न्हाई. सांजच्यापस्तोर थांबा!"

मधेच नर्स घाईघाईनं आली. "सर, जरा पेन द्या." गुरुजींनी खिशातला पेन न बघताच काढून दिला आणि पुन्हा जावयाला फोन लावला. लागेना.

"कुणाला लावायलाव सारखं?" सरजाबाई बाकावरून उठल्या. सकाळपासून त्यांनी नवऱ्याला एका शब्दानं टोकलं नव्हतं.

"जावयाला. ते हो म्हणले की..."

"आन् न्हाई म्हणले की? आपल्याला बोल लागंल म्हणून लेकीला ताटकळत ठेवायलाव व्हय?"

गुरुजी वरमले. पोरीला शिकवा, तिचं तिला ठरवू द्या, हे गावातल्या बापांना सांगण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. त्या उपदेशाला कंटाळलेली माणसं अजून त्यांना बघून रस्ता बदलत. आणि आज स्वतःच्या लेकीची वेळ आली तर हेच जावयाच्या होकारासाठी अडून बसले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. फोन खिशात टाकून ते तडक आतल्या दाराशी गेले.

"करा सिझर. कागद आणा, मी सही करतो." हात सवयीनं खिशाकडे गेला. पेन नव्हता.

नर्सनं तो त्यांच्यापुढे धरला. "सही झाली, सर. ताईंनीच केली मघाशी. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी थांबलो होतो, ते आलेत आता."

स्ट्रेचर बाहेर आलं. सुकेशनीचे ओठ कोरडे पडले होते. तिनं बापाचं मनगट धरलं. "बाबा, सगळ्यांला विचारलंत. मला तेवढं विचारलं न्हाई."

गुरुजी स्ट्रेचरला धरून सोबत चालू लागले.

"आता बोल लागला तर मला लागू द्या," ती म्हणाली. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं, दार बंद झालं.

फोन वाजला. धुरपताबाई होत्या. "जयभीम, गुरुजी. काय ठरलं मग तुमचं? थांबायलाव ना?"

"जयभीम." गुरुजी बंद दाराकडे बघत म्हणाले. "आमचं काहीच ठरलं न्हाई, विहीणबाई. सुकेशनीनं ठरवलं."