डाव्या दारावरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची. मला नुकतंच नव्यासारखं केलंय, पण वयाने शहाणपण येतं म्हणतात ते काही माझ्या बाबतीत झालं नाही. एका जागी उभं राहणं मला आजही सोसत नाही. इंजिन सुरू झालं की माझे आरसेसुद्धा थरथरतात.

मला हातांनी घडवलं. आत लाकडाचा सांगाडा, वर हातोडीने ठोकून वळवलेला पत्रा. बॉनेटवरून निघालेली रेघ दारापाशी खाली झुकते आणि मागच्या चाकावर पुन्हा उसळते. दारं इतकी खुजी, की चालवणाऱ्याचं कोपर आपसूक बाहेर येतं. या रेघेवर लोक भाळायचे. माझं दुखणं मात्र कुणाला दिसायचं नाही. डाव्या सीटवर वजन असलं, की उजव्या वळणावर माझं लाकूड किंचित मुरडतं आणि डावं दार सुटतं.

माझ्या दुसऱ्या मालकाला हे कळलं, ते त्याची बायको वळणावर दाराला लटकली तेव्हा. कोपर सोलवटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी त्याने आतून एक जाड लोखंडी कडी बसवली. दिसायला बेंगरूळ, पण नंतरची सगळी वर्षं मी निर्धास्त धावले. मग तो थकला आणि मी शेडमध्ये पडून राहिले. टायर बसले. मांजरीने माझ्या सीटवर तीन बाळंतपणं उरकली.

आताचे मालक दातांचे डॉक्टर आहेत. चार वर्षं दर रविवारी ते माझ्यावर वाकलेले असायचे. त्यांना मला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायचं होतं, आणि तिथे प्रत्येक भाग मूळचाच लागतो. म्हणून त्यांनी कडी काढली आणि किडका दात भरावा तशी तिची भोकं बुजवली. कुणा अडाण्याचं काम, म्हणाले.

त्यांच्या बायकोने कडी उचलून घेतली. "अडाणी माणूस उगाच सहा स्क्रू नाही मारत," ती म्हणाली. डॉक्टर हसले. तू तर दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचतेस, म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांची सहा वर्षांची मुलगी, खारूताई, टोपी घालून तयार होती. तिला बाबांच्या शेजारी बसायचं होतं. माझ्या डावीकडे! माझा जीव खालीवर झाला. मी खोकले, दोनदा बंद पडले. डॉक्टरांनी प्लग पुसला आणि थंडीला दोष दिला. मला याहून जास्त बोलता येत नाही.

तेवढ्यात आई पाण्याचा भरलेला जार घेऊन आली आणि तो डाव्या सीटवर ठेवला.

"हा तिच्याच वजनाचा आहे. आवारात एक उजवा फेरा मार. नेहमीच्या वेगाने."

"अगं, सीट भिजेल."

"मी पुसून देईन."

डॉक्टर कुरकुरत निघाले. वळण आलं, लाकूड मुरडलं, दार सताड उघडलं. जार गडगडत बाहेर पडला आणि सिमेंटवर फुटला. खारूताईला तो खेळच वाटला. ती टाळ्या पिटत धावत आली.

"बाबा, आता मी?"

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. मग ते ड्रिल आणायला गेले. कडी आईच्या कपाटात होती. सहाही स्क्रू कागदाच्या पुडीत बांधलेले.

प्रदर्शनाला जाताना कडीची परीक्षा म्हणून डॉक्टरांच्या शेजारी दुसरा जार बसून आला. खारूताई मागून येणाऱ्या आईच्या गाडीत, गाल फुगवून. परीक्षकांनी माझी रेघ वाखाणली आणि कडीपाशी थबकले. हे काढलंत तर पहिला नंबर तुमचाच, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या."

बक्षीस दुसऱ्या गाडीला गेलं. परतताना मात्र जार आईच्या गाडीत गेला आणि डाव्या सीटवर खारूताई बसली. प्रत्येक उजव्या वळणावर ती कडीला हात लावून पाहत होती, थेट आईसारखी.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर चकचकीत करा. पण त्यांच्या अंगावरचं एखादं बेढब ठिगळ काढण्याआधी, ते कुणी आणि कशासाठी लावलं असेल, याचा थोडा विचार करा. आम्हांला सांगता येत नाही, खोकता तेवढं येतं.

आणि आता मला फार वेळ उभी ठेवू नका. रस्ता मोकळा आहे आणि डावं दार नीट लागलंय.