अंबिकाबाईंची पगडी

मी पगडी. मुक्काम व्हिटबी, कॅनडा, बेसमेंटमधलं कपाट. माझा लाल रंग विटलाय, जर काळी पडलीय आणि खोटं ऐकून ऐकून मी थकलेय.

मला बांधलं ते अंबिकाबाईंसाठी. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून सरदारकी थेट मुलीकडे आली. नवऱ्यामुळे नाही, मुलाच्या वतीनंही नाही, स्वतःच्या हक्कानं. पगडबंदानं त्यांच्या डोक्याचं माप घेतलं, मागे अंबाड्यासाठी पोकळी ठेवली. मला घालून त्या दरबारात बसल्या आणि मुजरे त्यांनीच घेतले.

पुढे घराण्यात मुलगे झाले, आणि घराण्याच्या गोष्टींत अंबिकाबाई नुसत्या कुणाच्या तरी पत्नी उरल्या. मी पुरुषांच्या डोक्यांवर चढले. एकालाही बसले नाही. सरदारकी गेली, घराणं कॅनडात आलं, तरी दसऱ्याला भाऊसाहेब मला एका हातानं सावरत मंडळात मिरवायचे. "हीटिंगनं आटली," म्हणायचे. डोकं चुकीचं, आणि दोष कापडाचा!

भाऊसाहेब गेले. त्यांना डायलिसिसला नेणारी, पहाटे उठून ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसणारी त्यांची एकुलती एक मुलगी उल्का. आज तेरावा. आज वारसाच्या डोक्यावर मला ठेवायचं आणि पाहुण्यांनी त्याला आहेर करायचा. भाऊसाहेबांचे धाकटे भाऊ जनार्दनकाका त्यासाठी आपल्या मुलाला, राजसला, नॉर्थ यॉर्कहून घेऊन आले. उल्काला कुणी विचारलं नाही.

बेसमेंटमध्येच मला त्याच्या डोक्यावर घालून पाहिलं.

"ताई, इट्स सो टाइट," राजस कळवळला.

"उल्का, मागची शिवण उसव जरा," काका म्हणाले. "तुझा हात चांगला आहे."

तिनं कात्री घेतली. माझ्या आत बोट फिरवलं, पोकळीशी थबकली, आणि मला सरळ स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. तिचा अंबाडा अलगद आत बसला. किती वर्षांनी मला हातानं सावरावं लागलं नाही.

"काका, ही बाईसाठीच केलीय."

"असेल. आपल्यात बायका पगडी घालत नाहीत."

"मग ही काय मांजरासाठी केली होती?"

"सीन करू नकोस. वर लोक आलेत."

"डॅड, मला खरंच नकोय ती," राजस पुटपुटला.

"तू गप्प बस."

"बाबांच्या डायलिसिसला वारस लागायचा, काका," उल्का म्हणाली. "तेव्हा राजसला नाही आणलंत."

तिनं कात्री ठेवली, जिना चढली आणि वारसासाठी मांडलेल्या पाटावर बसली.

आता हॉलमध्ये पाहुणे आहेर घेऊन बसलेत. कुणाच्या हातात शाल, कुणाच्या हातात नारळ, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय. काका दारात हाताची घडी घालून उभे आहेत. उल्काची मान दुखत असणार. तिनं ती खाली घातलेली नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या. एकानं पहिला आहेर केला की बाकीचे येतील, माणसांना मी पुरती ओळखते. फार वेळ लावू नका, आम्ही दोघीही दमलोय.