दोन बर्फाळ डोंगर आणि एक बैठी स्की

मी एक जुनी बैठी स्की आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून सुळकन घसरणारी माणसं तुम्ही चित्रात पाहिली असतील. त्या पट्ट्या म्हणजे स्की. माझ्याकडे पट्टी एकच. तिच्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर सीट. बसणाऱ्याने कमरेचा पट्टा आवळायचा, दोन्ही हातांत आखूड काठ्या धरायच्या आणि तोल सांभाळत निघायचं. ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी माझा जन्म.

मला घडवलं ते भिंगरीच्या मावशीने. भिंगरी या गोष्टीत अकरा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं हे नाव. मावशी पूर्वी छोट्या डोंगरावरच्या लिफ्टची मेकॅनिक होती. तारेला टांगलेल्या खुर्च्या माणसांना डोंगरमाथ्यावर नेतात, ती लिफ्ट. एका सकाळी सातव्या खांबावर चढून काम करताना तिचा सुरक्षेचा पट्टा तुटला आणि ती खाली कोसळली. पाठीचा कणा दुखावला आणि पाय कायमचे निकामी झाले. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर असते आणि बहिणीच्या घरी राहते.

पण हात शाबूत होते, आणि डोकं तर त्याहून शाबूत. दोन वर्षं खपून तिने घराशेजारच्या गॅरेजमध्ये मला उभं केलं. सीट मोडीत निघालेल्या गाडीचं, स्प्रिंग मोटारसायकलची, पट्टी कुणीतरी टाकून दिलेली. वेल्डिंग तिचं स्वतःचं. पहिली चाचणी मागच्या गवताच्या उतारावर झाली. आम्ही दोघी थेट कुंपणात शिरलो! मावशी इतकी हसली की तिला बाहेर काढणाऱ्या भावजींनाही, म्हणजे भिंगरीच्या बाबांनाही, हसू आवरेना.

त्यानंतर मात्र तिने मला भिंतीवर टांगलं. "हातात अजून जोर यायचाय," असं ती सांगायची. पुढे माझ्यावर जुना पडदा आला, मग पडद्यावर धूळ. भावजी माझ्या काठ्यांवर ओले रेनकोट वाळत घालू लागले. खरं कारण मला ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती. पण खुंटीवरच्या वस्तूला कोण विचारतो?

मग हिवाळ्याची सुट्टी आली. जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं पसरली गेली. गॅरेजचं दार उघडंच होतं, त्यामुळे शब्द न् शब्द माझ्या कानावर पडत होता. मोठ्या डोंगरावर बावीस उतार, बंद काचेच्या लिफ्ट, गरम पाण्याचा तलाव. छोट्या डोंगरावर दोन उतार, एक लिफ्ट आणि पायऱ्या करकरणारी खानावळ.

"मोठाच बरा," भिंगरीची आई म्हणाली. ही मावशीची थोरली बहीण, औषधांच्या दुकानात काम करणारी. "सगळी सोय आहे."

छोट्या डोंगराचं नाव काढायला सगळेच कचरत होते. का, ते सांगायला नको.

"तुम्ही ठरवाल ते," मावशी म्हणाली.

भिंगरीने तलावाच्या चित्राभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला होता. तरी तीच म्हणाली, "पण मावशी, तिथे गेल्यावर तू काय करणार?"

मावशीने फोन ओढला, सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि मोठ्या डोंगराला विचारलं. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "बसून घसरायची परवानगी नाही हो. पण आमच्या गॅलरीतून बाकीच्यांचं स्कीइंग फार सुंदर दिसतं."

मावशीने आभार मानले आणि दुसरा नंबर फिरवला. तो तिला तोंडपाठ होता. फोन छोट्या डोंगराच्या लिफ्टप्रमुखांनीच उचलला.

"बैठी स्की? कुणी बनवली?"

"मी."

"मग धड असणार. लिफ्ट थांबवून चढवू तुला. पण पोरी, पडशील बरं का."

"पडेन. उचलायला कोण आहे?"

"आम्ही चौघं आहोत की."

मावशीने फोन ठेवला. "छोटा डोंगर," ती म्हणाली.

"अगं, पण तिथेच तर..." भिंगरीची आई म्हणाली.

"तिथेच, ताई. आठ वर्षं तो डोंगर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. एकदा त्याच्या अंगावरून उतरून येते."

भिंगरीने उडी मारून माझ्यावरचा पडदा ओढला. धुळीने तिला सात शिंका आल्या.

पहिल्या दिवशी छोट्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही चौदा वेळा पडलो. बर्फ मावशीच्या कानात, माझ्या स्प्रिंगमध्ये, सगळीकडे. दुसऱ्या दिवशी माझा एक बोल्ट ढिला झाला. मावशीने भर उतारावर खिशातून पान्हा काढला आणि बोल्ट पिळला. त्या दिवशी पाच वेळाच पडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आता वर."

लिफ्ट थांबली. चौघांनी आम्हाला खुर्चीवर चढवलं. शेजारी भिंगरी बसली, तिच्या पायांत तिची स्की. एकेक खांब मागे पडत गेला. पाचवा, सहावा. माझ्या सीटला मावशीच्या पाठीचा ताठपणा जाणवत होता. भिंगरीने तिचा हातमोजा घट्ट धरला. सातवा खांब डोक्यावर आला. मावशीने मान वर केली, कान टवकारले आणि म्हणाली, "वंगण कमी पडलंय. चाक कुरकुरतंय बघ."

भिंगरी खो खो हसत सुटली. मावशीची पाठ सैल झाली, आणि खरं सांगते, माझाही जीव भांड्यात पडला.

माथ्यावरून आम्ही निघालो. आधी हळू, मग वेगाने. वारा शिट्ट्या मारत होता. अर्ध्या वाटेवर उतार तीव्र होऊन डावीकडे वळतो. मावशी त्या बाजूला झुकली, माझी पट्टी बर्फात रुतली, स्प्रिंग पार दबली. वाटलं, गेलो! पण तिची काठी टेकली, माझ्या पट्टीच्या धारेने बर्फ पकडला आणि आम्ही वळण कापून बाहेर पडलो. मागून भिंगरी ओरडत होती, "मावशी, थांब ना गं! मला मागे टाकलंस!"

मावशी थांबली नाही. थेट खाली, लिफ्टच्या रांगेपाशी, बर्फाचा फवारा उडवत आम्ही उभ्या राहिलो. रांगेतल्यांनी टाळ्या पिटल्या. ताई रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम. भावजींची टोपी हवेत उडाली ती मिळालीच नाही.

"पुन्हा," मावशी म्हणाली. त्या दिवशी आम्ही नऊ वेळा उतरलो.

संध्याकाळी लिफ्टप्रमुखांनी तिला कामावर परत बोलावलं. खांबावर तरुण मुलं चढतात. खाली बसून आवाजावरून दोष ओळखते ती मावशी. तिने माझ्यासारख्या आणखी सहा बनवल्या. तीन हिवाळ्यांनी मोठ्या डोंगराचंही पत्र आलं: आम्हालाही चार हव्यात, आणि शिकवायला तुम्हीच या. ती गेली. भिंगरीला सोबत नेलं, आणि पोरगी त्या गरम तलावात बोटं सुरकुतेपर्यंत डुंबली.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे. नव्या स्की माझ्यापेक्षा हलक्या आहेत. मी शिकाऊ लोकांकडे असते. तुमच्याकडे एवढंच मागणं: मला ओलं ठेवू नका, पट्टीला मेण लावा, बोल्ट तपासा. माझ्यावर बसणारा माणूस माझ्या भरवशावर डोंगर उतरत असतो.

आज सकाळी एक निवृत्त पोस्टमन आले आहेत. वय सत्तर, बर्फावर पहिल्यांदाच. मावशीने त्यांचा पट्टा आवळला. ते विचारताहेत, "पडलो तर?"

"पडालच की," मावशी म्हणाली आणि तिने आम्हाला उताराकडे ढकललं.